प्लूटोकडे गेलेलं विद्यार्थ्यांचं उपकरण



सूर्यमालेचा पाठ सुरू असताना एक प्रश्न हमखास येतो, "अवकाश मोहिमेत काम करायचं तर आधी मोठं शास्त्रज्ञ व्हावं लागतं ना?" या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असं आहे. त्याचा पुरावा आज प्लूटोच्याही पलीकडून प्रवास करतो आहे.

उपकरणाची ओळख

नासाचं 'न्यू होरायझन्स' यान 19 जानेवारी 2006 रोजी निघालं आणि 14 जुलै 2015 रोजी प्लूटोजवळून गेलं. यानावर एकूण सात वैज्ञानिक उपकरणं आहेत. त्यातलं एक, 'स्टुडंट डस्ट काउंटर', म्हणजे धूलिकण मोजणारं यंत्र, अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी तज्ज्ञांच्या देखरेखीखाली तयार केलं. नासाच्या ग्रहमोहिमेवर गेलेलं विद्यार्थ्यांचं हे पहिलंच उपकरण. पुढे त्याला व्हेनेशिया बर्नी यांचं नाव दिलं गेलं. 1930 साली अकरा वर्षांच्या या इंग्लिश मुलीनेच 'प्लूटो' हे नाव सुचवलं होतं.

विद्यार्थ्यांचं काम म्हणून चाचण्यांत सवलत मात्र नव्हती. बरोबरच आहे! यान एकदा सुटलं की दुरुस्तीला कोण जाणार?

ते चालतं कसं?

उपकरणात खास प्लास्टिकच्या पातळ फिल्मच्या 14 पट्ट्या आहेत. या फिल्ममध्ये विद्युतप्रभार विशिष्ट दिशेने मांडलेले असतात. वेगाने आलेला धूलिकण आपटला की तिथे बारीकसा खड्डा पडतो, मांडणी बिघडते आणि विजेचा छोटा संकेत मिळतो. त्यावरून कणाच्या वस्तुमानाचा अंदाज येतो.

आता खरी गंमत बघा. 14 पैकी 12 पट्ट्याच धुळीसमोर उघड्या आहेत. उरलेल्या दोन पाठीमागे झाकलेल्या आहेत, तिथे धूळ पोचतच नाही. मग त्या कशाला? यान हललं, थरथरलं तरी संकेत येऊ शकतो. तो झाकलेल्या पट्ट्यांवरही दिसला, तर समजायचं की ही धूळ नव्हे. आपण प्रयोगात 'नियंत्रित संच' शिकवतो तो हाच!

वर्गात करून पाहा

दोन सारख्या डब्यांवर फुग्याचं रबर घट्ट ताणून बसवा. दोन्हींवर थोडा रवा भुरभुरा. एकावर ज्वारीचा दाणा टाका, तिथलाच रवा उडेल. मग बाकावर जोरात थाप मारा, दोन्हींवरचा उडेल. "धूळ कोणती आणि धक्का कोणता, कसं ओळखाल?" एवढंच विचारा. उत्तर मुलांना काढू द्या.

पिढ्यांचा रिले

उपकरण बनवणारे विद्यार्थी पदव्या घेऊन बाहेर पडले, यान मात्र चालतच राहिलं. त्यामुळे उपकरणाची जबाबदारी नव्या विद्यार्थ्यांकडे येत गेली. 2024 मध्ये त्याची माहिती अभ्यासून जो महत्त्वाचा शोधनिबंध आला, त्याचा प्रमुख लेखक पीएचडी करणारा विद्यार्थीच होता. पृथ्वी-सूर्य अंतराच्या जवळजवळ 60 पट दूर धूळ विरळ व्हायला हवी होती, पण ती अपेक्षेपेक्षा जास्त आढळली. कदाचित बर्फाळ गोळ्यांचा कायपर पट्टा आपण समजत होतो त्यापेक्षा बराच लांब पसरला असेल. कदाचित सूर्यप्रकाशाच्या दाबामुळे आतली धूळ बाहेर ढकलली जात असेल. निकाल अजून लागायचा आहे. पुस्तकातलं विज्ञान पूर्ण झालेलं नसतं, हे मुलांना सांगायला यापेक्षा चांगलं उदाहरण कुठलं?

पालकांसाठी दोन शब्द

"बीएस्सी करून पुढे काय?" असं म्हणून आपण कितीतरी मुलांची वाट दहावीनंतरच बंद करतो. वाट आहे. भौतिकशास्त्र, भूशास्त्र, रसायनशास्त्र किंवा इंजिनिअरिंगची पदवी, मग नेट, गेट, जेस्टसारख्या परीक्षा आणि पीएचडी. संशोधन करताना दरमहा फेलोशिप मिळते, हे अनेक घरांत माहीतच नसतं. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेत असे विद्यार्थी ग्रहविज्ञान शिकतात. चांद्रयान-3 च्या प्रज्ञान रोव्हरवरचं एक्स-रे उपकरण याच संस्थेने बनवलं. चांद्रयानाची माहिती इस्रोच्या 'प्रदान' संकेतस्थळावर अभ्यासकांसाठी खुलीही आहे.

एखादी मोहीम वीस-वीस वर्षं चालते. आज पाचवीच्या बाकावर बसलेलं मूल तिच्या शेवटच्या टप्प्यात संशोधक म्हणून काम करत असू शकतं. तोवर त्याचे प्रश्न जिवंत ठेवणं, हे काम तुमचं-आमचं.