पहिलं बाळंतपण माहेरीच हवं का?

पहिलं बाळंतपण माहेरी, हा आमच्याकडचा रिवाज. निपाणीच्या लेकीला सातव्या महिन्यात ओटी भरून आणायचं, सव्वा महिना शेक-शेगडी करायची आणि बाळासह बेळगावला सासरी धाडायचं. बहुतेकींना त्यात विसावा मिळतो. माझ्यासारख्या काहींच्या वाट्याला मात्र तेच जुनं घर पुन्हा येतं.

आई तंबाखूच्या वखारीत कामाला होती. 1980च्या सुमारास निपाणीतल्या वखारीच्या बायकांनी मालकांविरुद्ध संप केला, त्यात ती पुढं होती. पण वडील पिऊन आले, हात उगारला, की तिच्या तोंडून शब्द फुटत नसे. आम्ही भावंडं पोत्यांमागं लपायचो. रडण्याचा आवाज गेला तर मार आपल्यावर येईल, म्हणून थोरली या नात्यानं धाकट्यांची तोंडं मी दाबून धरायची.

लग्नानंतर ते सगळं मागं पडलं असं वाटलं. दिवस गेले आणि झोप उडाली, छाती धडधडू लागली. तपासणीत वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन लिहिलं जाई. लहानपण कसं गेलं, हे कुणी विचारलं नाही. बाळंत होऊन त्याच घरात आले. बाळ रडलं की माझा हात त्याच्या तोंडाकडं जायचा. मी दचकून मागं घ्यायची. शेवटी त्याला जवळ घेणंच टाळू लागले. घरचे म्हणाले, "ओली बाळंतीण, बाहेरचं काहीतरी लागलंय." अंगारा झाला, दृष्ट काढून झाली.

ओळखलं ते बाळाला बघायला आलेल्या आशा कार्यकर्त्या ताईंनी. "आक्का, बाळाचं वजन मागनं घेते. तुम्ही रात्री झोपता का, ते आधी सांगा." त्याच मला मानसोपचारतज्ज्ञांकडं घेऊन गेल्या. बोलणं आणि औषध दोन्ही सुरू झालं, मुक्काम मावशीकडं हलवला, हळूहळू बाळ माझं वाटू लागलं.

डॉक्टरांकडून कळलं की यात बाधा नाही आणि दोषही नाही. 1998 साली अमेरिकेत फेलिटी आणि आंडा या डॉक्टरांनी साडेनऊ हजार प्रौढांची पाहणी प्रसिद्ध केली. घरात व्यसनी माणूस, आईला मारहाण, मुलांचा छळ असे अनुभव जितके जास्त, तितका मोठेपणी नैराश्याचा धोका जास्त, असं तीत दिसलं. बाळंतपणानंतर शरीरातली संप्रेरकं झपाट्यानं उतरतात, वर जागरणं. दबलेली भीती अशा वेळी उसळते. भारतातल्या अभ्यासांचा 2017चा एकत्रित अंदाज 100 बाळंतिणींमागं 22 जणींना नैराश्य, असा आहे. लहानपण कठीण गेलेल्या प्रत्येकीला ते होतंच असंही नाही. वेळेत आधार मिळाला तर टळू शकतं किंवा लवकर आवरू शकतं.

म्हणून सांगते. ज्या घरात मार खाल्ला, भीती भोगली, तिथं बाळंतपणाला जायची सक्ती नाही. सासर, मावशी, बहीण, जिथं जीव शांत राहील ती जागा आधीच ठरवा. पहिल्या तपासणीतच डॉक्टर किंवा नर्सबाईंना लहानपणाबद्दल सांगा. सगळा तपशील द्यायची गरज नाही, "घरात मारहाण होती" एवढंही पुरे.

बाळंतपणानंतर पहिले काही दिवस रडू येणं साधं आहे. ते दोन आठवड्यांपुढं गेलं, बाळ निजलं तरी झोप लागेना, बाळाची भीती वाटू लागली, तर तज्ज्ञांकडं जा. अंगावर पाजताना चालणारी औषधं असतात. ती आपल्या मनानं बंद करू नका. मरणाचे किंवा बाळाला इजा करण्याचे विचार, भास, असंबद्ध बोलणं दिसलं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा, बाळंतिणीला एकटी सोडू नका. 14416 हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा मोफत क्रमांक रात्रंदिवस चालतो. भाषा निवडता येते.

आणि बाळ बघायला जाणाऱ्या आयाबायांनो, बाळ कुणावर गेलंय हे मागनं बघा. आधी त्याच्या आईला विचारा, झोप लागते का? "नाही" म्हणाली, तर अंगारा शोधू नका, तिला दवाखान्यात न्या.