जादू येणाऱ्या मुली

प्रश्न : लेक बारा वर्षांची. हॅरी पॉटरची पारायणं झाली. आता जादू मुलीलाच येते, असं पुस्तक हवंय, प्रेमप्रकरण नको.

उत्तर : आधी नेडी ओकोराफोर यांची ‘अकाटा विच’ (२०११) द्या. नायजेरियात राहणाऱ्या बारा वर्षांच्या सनीला मेणबत्तीच्या ज्योतीत जगाचा अंत दिसतो. नवं काही शिकलं की इथे वरून पैसे पडतात (क्लासवाल्यांना सांगू नका!). मुलं पळवणारा खुनीही आहे. लेक भित्री असेल तर आधी स्वतः चाळा.

टेरी प्रॅचेट यांच्या ‘द वी फ्री मेन’मध्ये (२००३) नऊ वर्षांची टिफनी धाकट्या भावाला आमिष म्हणून बसवते आणि नदीतल्या राक्षसिणीला फ्रायपॅनने हाणते. मला तीच जास्त आवडते. त्यातल्या बुटक्या निळ्या माणसांचं स्कॉटिश वळणाचं इंग्रजी अडलं, तर मोठ्याने वाचायला सांगा.