त्र्यंबकच्या चढाला पुरेल अशी पहिली रोड बाइक

2015 च्या जूनमध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांच्या जोडीने ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ ही सुमारे 4,800 किलोमीटरची शर्यत नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. 2017 मध्ये लष्करी डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ हे ती एकट्याने पार करणारे पहिले भारतीय ठरले. तेही तेव्हा नाशिककरच होते. ज्या गावात अशी माणसं सराव करतात, तिथे खाली वळलेल्या हँडलची सायकल आपल्याकडेही असावी, असं कुणालाही वाटणारच. मात्र शर्यतीतल्या स्वाराची गरज वेगळी आणि रविवारी सकाळी गंगापूर धरणापर्यंत जाऊन येणाऱ्याची वेगळी.

प्रस्तुत लेखकाला हा फरक त्र्यंबक रस्त्यावर समजला. दुकानात मिळालेली सायकल हलकी होती, चाकं बारीक होती आणि ‘खरी रोड बाइक अशीच असते’ असं विक्रेत्याने ठासून सांगितलं होतं. महिरावणीच्या पुढे चढ लागला, समोरून पश्चिमेचा वारा सुटला आणि सर्वांत हलका गिअरही जड पडू लागला. घरी पोचेपर्यंत गुडघे बोलायला लागले होते.

कारण साधं होतं. त्या सायकलीच्या पुढच्या सर्वांत लहान चकतीला 42 दाते होते आणि मागच्या सर्वांत मोठ्या चकतीला 28. म्हणजे पेडलचा एक फेरा मारला की सायकल सव्वातीन मीटरच्या आसपास पुढे जाणार. पुढे 34 आणि मागे 32 दाते असतील, तर तोच फेरा सव्वादोन मीटरचा होतो आणि चढावर पाय मोकळे फिरतात. म्हणून किमतीआधी दात्यांची चौकशी करावी. एकूण गिअर किती हा प्रश्न नंतरचा. सर्वांत हलका गिअर किती हलका, हे आधी विचारावं. बजेटमध्ये बसत असेल तर शिमानोचा क्लॅरिस हा आठ चकत्यांचा संच पाहावा. टूर्नी त्याच्या खालचा. सपाटीवर तो पुरतो.

त्याहून महत्त्वाचं आहे माप. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभं राहावं, एक जाड पुस्तक दोन्ही पायांमध्ये जांघेपर्यंत घट्ट सरकवावं आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजावं. त्याला 0.67 ने गुणलं की पारंपरिक फ्रेमचा अंदाजे आकार मिळतो. अंतर 80 सेंटिमीटर असेल तर फ्रेम 53-54 ची. आजकाल अनेक फ्रेमची आडवी नळी उतरती असते, त्यामुळे कंपनीचा तक्ताही पाहावा. ‘सीट वरखाली करून देतो’ एवढ्यावर समाधान मानू नये. सीटने उंची जुळते, हँडलपर्यंतचं अंतर जुळत नाही. ब्रेकवर हात ठेवून दुकानाबाहेर दहा मिनिटं चालवावी. मान किंवा मनगट अवघडलं तर दुसरा आकार मागावा.

नाशिकच्या पावसाळ्यानंतरचे खड्डे पाहता 25 मिलिमीटरच्या टायरपेक्षा 28 किंवा 32 चे बरे. फ्रेममध्ये आणि ब्रेकखाली तेवढी जागा आहे का, हे आधीच तपासावं, कारण नंतर ती वाढवता येत नाही. बऱ्याच रोड बाइकच्या ट्यूबला बारीक, वर पेचाचं टोक असलेला प्रेस्टा व्हॉल्व्ह असतो. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडचा किंवा पेट्रोल पंपावरचा हवेचा पाइप त्याला बसत नाही. छोटं पितळी अडॅप्टर आणि घरचा पंप हे सायकलीसोबतच घ्यावं.

25 ते 40 हजारांच्या टप्प्यात कामाची रोड बाइक मिळू शकते. सप्टेंबर 2025 मध्ये सायकलींवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला आहे, तेव्हा बिलावर तो दर पाहून घ्यावा. ठरवलेल्या रकमेतले चार-पाच हजार हेल्मेट, दिवे, पंप, जादा ट्यूब आणि कुलपासाठी बाजूला काढावेत. पैसे कमी पडले तर सायकल अर्धा-एक किलो जड चालेल, हेल्मेट वगळलेलं चालणार नाही.

लांब पल्ल्याची हौस असेल, तरी महागड्या सायकलीची घाई नको. ब्रेव्हे राइडमध्ये, म्हणजे ठरावीक वेळेत लांब अंतर पार करण्याच्या राइडमध्ये, 200 किलोमीटरसाठी साडेतेरा तास मिळतात, म्हणजे थांबे धरून ताशी 15 किलोमीटरपेक्षाही कमी वेग पुरतो. तो साध्या सायकलीलाही जमतो, फक्त सायकल अंगाला बसणारी हवी.

जुनी घेत असाल तर पट्टी सोबत न्या. चेनच्या 24 कड्या बरोबर 12 इंच भरतात. त्या अष्टमांश इंच जास्त भरल्या, तर चेन झिजली आहे आणि बहुधा मागच्या चकत्याही बदलाव्या लागतील. तो खर्च किमतीतून वजा करायला सांगा. चाक उचलून फिरवा, ते ब्रेकजवळ डावी-उजवीकडे डुलतं का पाहा. पेडलजवळच्या जोडावर रंगाखाली बारीक रेघ दिसली तर व्यवहार तिथेच थांबवा.

नव्या सायकलीच्या केबल पहिल्या काही आठवड्यांत सैलावतात, चाकांतल्या तारांचा ताणही बदलतो. म्हणून महिनाभरात दुकानात नेऊन गिअर आणि चाकं जुळवून घ्यावीत. ही पहिली सर्व्हिस फुकट आहे की पैसे पडतील, हे पैसे देण्याआधीच बिलावर लिहून घ्यावं.