कॉलेजची पूर्वतयारी : घरांत व शाळेंत

मुलास कॉलेजसाठीं तयार करणें म्हणजे त्यास शेंकडा नव्वद गुण मिळवून देणें, असा समज अलीकडे फार रूढ झाला आहे. गुणांस महत्त्व नाहीं असें कोणताहि शिक्षक म्हणणार नाहीं. अकरावीचा प्रवेश दहावीच्या गुणांवरच ठरतो, आणि २०२५ सालापासून तर साऱ्या महाराष्ट्रांत तो ऑनलाइन पद्धतीनें होऊं लागला आहे. तथापि गुण दारापर्यंत पोंचवितात. आंत गेल्यावर कशाची गरज पडते, याचा विचार आठवीपासूनच व्हावयास हवा.

शाळेंत शिक्षक उत्तर फळ्यावर लिहून देतात, वही तपासतात, गृहपाठ चुकला तर पालकांस निरोप धाडतात. कॉलेजांत प्राध्यापक बोलत जातात व तास संपतो. कोणीं काय लिहून घेतलें, घरीं जाऊन कोणीं वाचलें, हें पाहणारा तेथें कोणी नसतो. ज्या मुलाकडून आजवर अभ्यास करवून घेतला गेला, तें मूल अशा वेळीं गोंधळतें. त्याची बुद्धि कमी नसते; आपला आपण अभ्यास करण्याची त्यास संवय नसते, इतकेंच. म्हणून हायस्कुलाच्या तीन वर्षांत मोठ्यांनीं आपला हात हळूहळू काढून घ्यावा, हीच माझ्या मतें खरी पूर्वतयारी होय.

हात काढून घेणें म्हणजे दुर्लक्ष करणें नव्हे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९०७ सालीं एल्फिन्स्टन हायस्कुलांतून मॅट्रिक झाले. तेव्हां त्यांचें कुटुंब परळच्या चाळींत एका खोलींत राहत असे. वडील सुभेदार रामजी सकपाळ मुलास लवकर निजवीत, स्वतः रात्रीं दोन वाजेपर्यंत जागत, आणि मग त्यास अभ्यासास उठवून आपण निजत. त्यांनीं मुलास घरीं इंग्रजी शिकविलें, ऐपत नसतांना पुस्तकें आणून दिलीं. परंतु सर्वांत मोठी गोष्ट दिली ती शांततेच्या त्या थोड्या तासांची. पुढें विल्सन हायस्कुलांतील शिक्षक कृष्णाजी अर्जुन केळूसकर यांनीं चर्नी रोडच्या बागेंत वाचीत बसलेला हा मुलगा पाहिला, त्याची विचारपूस केली, त्यास पुस्तकें दिलीं, आणि त्याच्या कॉलेजशिक्षणासाठीं सयाजीराव महाराजांकडे शब्दहि टाकला. विल्सन ही मिशनची शाळा. त्यामुळें आम्हां मिशनच्या शिक्षकांस ही हकीकत विशेष प्रिय आहे. मुलगा त्यांच्या वर्गांतला नव्हता, हें मात्र लक्षांत ठेवावें.

आज बहुतेक घरीं जागेपेक्षां वेळेचीच वाण अधिक. सकाळीं क्लास, मग शाळा, संध्याकाळीं पुन्हां क्लास, आणि उरलेला वेळ मोबाइलच्या स्वाधीन! मुलाचा स्वतःचा असा तास दिवसांत राहतच नाहीं. पालकांस माझी विनंति अशी कीं, रोज एक तास मुलास पूर्णपणें द्यावा. त्या तासांत शिकवणी नको, "किती पानें झालीं?" हा प्रश्न नको, आणि वडीलधाऱ्यांनींहि टेलिव्हिजन बंद ठेवावा. पहिले पंधरा दिवस मूल नुसतें बसून राहील. राहूं द्यावें.

विद्यार्थ्यांनीं टिपणें घेण्यास आठवीपासून आरंभ करावा. इतिहासाच्या तासास पुस्तक मिटून ठेवावें, शिक्षक बोलतील त्यांतील चार-पांच मुद्दे आपल्या शब्दांत लिहावे, आणि त्याच रात्रीं पुस्तकाशीं ताडून पाहावे. महत्त्वाचें काय सुटलें व निरुपयोगी काय लिहिलें गेलें, हें आपलें आपणांसच दिसूं लागतें. मार्गदर्शकांतील तयार उत्तरें उतरून काढण्यांत हा लाभ नाहीं.

मराठी माध्यमांतून विज्ञान शाखेकडे जाणाऱ्यांस आणखी एक पायरी असते. तेथें शिकविणें बहुधा इंग्रजींतून चालतें. त्वरण म्हणजेच ॲक्सेलरेशन, अपवर्तन म्हणजेच रिफ्रॅक्शन, संयुजा म्हणजेच व्हॅलन्सी, अशी शब्दांची एक दुहेरी वही नववीपासून ठेवावी. रोज दोन शब्द पुरेत. कल्पना मराठींत पक्की असली म्हणजे नांव बदलण्यास वेळ लागत नाहीं. मराठींत जें नुसतें पाठ केलें, तें मात्र इंग्रजींतहि पुन्हां पाठच करावें लागतें.

शाखा निवडतांना शेजाऱ्याच्या मुलानें काय घेतलें हें पाहूं नये. बालभारतीचीं अकरावीचीं पुस्तकें संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. दहावीच्या सुट्टींत त्यांतील एकेक धडा मुलानें स्वतः वाचून पाहावा.

मुलींच्या पालकांस एक गोष्ट निराळी सांगावयाची आहे. "निकाल लागूं द्या, मग पाहूं," हें उत्तर मुलींच्याच वांट्यास अधिक येतें, आणि त्या अनिश्चिततेंत कित्येक चांगल्या मुली नववीपासूनच मन काढून घेतात. तूं कॉलेजांत जाणार आहेस, हें तिला नववींतच स्पष्ट सांगावें. तसेंच जातीचा व अधिवासाचा दाखला वेळेवर काढून ठेवावा. उत्पन्नाच्या दाखल्याची चौकशी दहावीच्या परीक्षेपूर्वींच तहसील कचेरींत करावी. शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत दाखल्यासाठीं थांबत नाहीं. कागदपत्रांविषयीं अडचण असल्यास पालकांनीं शाळेंत येऊन वर्गशिक्षकांस भेटावें. निकालानंतर जूनमध्यें येण्यापेक्षां आतांच आलेलें बरें.