ओहोटीचे अन्नछत्र

कोल्हापूरच्या मुलांना समुद्र पाहावयाचा म्हणजे घाट उतरावा लागतो. असेच एकदा माघ महिन्यात आम्ही विद्यार्थ्यांना घेऊन आंबा घाटाने रत्नागिरीस गेलो. काजळी नदी जेथे समुद्रास मिळते, ती भाट्याची खाडी. आम्ही पोहोचलो तेव्हा नेमकी ओहोटी होती. "गुरुजी, हा तर नुसता चिखल!" एक मुलगा हिरमुसून म्हणाला.

पण त्या चिखलावर पक्ष्यांची केवढी पंगत बसली होती! तिवरांची गळलेली पाने कुजून खाडीच्या चिखलात मिसळतात. उघड्या चिखलावर ऊन पडले, की त्यावर सूक्ष्म शेवाळाची साय धरते. या अन्नावर गांडुळासारखे किडे, गोगलगाई, शिंपले, खेकडे असे असंख्य जीव पोसतात. यांपैकी एकालाही पाठीचा कणा नसतो. पाणी अंगावर असते तोवर यांतील पुष्कळ जीव वरच्या थरात वावरतात. ते ओसरू लागले, की ओलाव्याच्या मागे खाली शिरतात. म्हणूनच पक्षी मागे हटणाऱ्या पाण्याच्या कडेकडेने चालतात. तेथे भक्ष्य अजून हाताशी, नव्हे चोचीशी असते.

एकाच चिखलात शेकडो पक्षी चरतात, तरी एकाचा घास दुसऱ्याच्या आड सहसा येत नाही. चिखल्याची चोच आखूड, पण डोळे मोठे. तो चार पावले धावतो, थबकतो आणि वर हललेला जीव अचूक टिपतो. छोटा टिलवा शिवणयंत्राच्या सुईप्रमाणे भराभर टोचत जातो. कोरल पक्ष्याची बाकदार चोच तर दहा ते पंधरा सेंटिमीटर लांब! ती बिळात घालून तो खेकडा ओढून काढतो. अशा चोचीच्या टोकास स्पर्श कळतो. त्यामुळे अंधारातही चरता येते. ते अवश्यच आहे, कारण ओहोटी काही सूर्य पाहून येत नाही.

टिलव्याचे वजन ते केवढे? सुमारे २५ ग्रॅम. हा चिमुकला जीव सायबेरियाच्या उत्तर टोकाशी अंडी घालतो आणि हिवाळ्यात आपल्याकडे येतो. परतण्यापूर्वी अशा पक्ष्यांच्या अंगी इतकी चरबी साठते, की काहींचे वजन दीडपट होते. प्रवासाची ही शिदोरी चिखलातूनच मिळते. भरती आली, की ताट झाकले जाते.

मुंबईच्या आसपास असा पुष्कळ चिखल भराव घालून बुजविला गेला. भरावाखाली किडे, शिंपले गुदमरून मरतात. मग हजारो किलोमीटर उडून आलेल्या पाखराला उतरावयास जमीन मिळते, पण खावयास काही मिळत नाही. ठाणे खाडीचा काही भाग २०१५ साली रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून राखला गेला, आणि २०२२ साली रामसर यादीत त्या खाडीची नोंद झाली. नाव रोहिताचे असले, तरी त्या आश्रयाला टिलवेही आले.

आमची गाडी सुटावयाची वेळ झाली. 'नुसता चिखल' म्हणणारा तो मुलगा मात्र काठाशी उकिडवा बसून वीतभर जागेतील बिळे मोजीत होता.