देणेकरी, कर्जदार आणि जामीनदार : शब्द एक नव्हेत

ज्याच्याकडून पैसे येणे आहेत अशा माणसाला आपल्या भाषेत अनेक नावे आहेत. कायद्याच्या कागदात तो ऋणको व त्याला पैसे देणारा धनको. बोलताना आपण देणेकरी आणि घेणेकरी म्हणतो. देणेकरी म्हणजे पैसे देणारा नव्हे, तर ज्याचे देणे अजून बाकी आहे तो. नवख्याची गफलत इथेच होते. सावकाराच्या बोलीत ऋणकोला ‘कूळ’ही म्हणत, ‘बुडीत कूळ’ हा शब्दप्रयोग त्यातलाच. १९४८ च्या कूळकायद्यानंतर मात्र कूळ म्हटले की दुसऱ्याची जमीन कसणारा, हाच अर्थ मनात येतो.

बोलण्यात हे शब्द एकाऐवजी दुसरा वापरले तरी बिघडत नाही. सोसायटीच्या किंवा बँकेच्या कागदावर मात्र बिघडते. कर्ज उचलले तो कर्जदार. परतफेडीची मुदत टळली की तोच थकबाकीदार. मुदतीत भरणा करणाऱ्यास पीक कर्जावर मिळणारी व्याजसवलत थकबाकीदारास मिळत नाही, शिवाय सहकारी संस्थेच्या कमिटीवरही त्याला बसता येत नाही.

सर्वात जास्त फसगत ‘जामीनदार’ या शब्दात होते. “मी नुसती सही केली, पैसे त्याने उचलले,” असे पुष्कळ जण सांगतात. परंतु १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळे ठरलेले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते. आधी त्याची जमीन विका, मग माझ्याकडे या, असा आग्रह सहसा चालत नाही. जामीनदाराने भरलेली रक्कम कर्जदाराकडून वसूल करण्याचा हक्क त्याला आहे; म्हणून पावती स्वतःच्या नावाने घ्यावी. भावाभावांच्या कर्जात ‘सहकर्जदार’ म्हणून सही असल्यास धनको सगळी रक्कम कोणाही एकाकडे मागू शकतो. तेव्हा सही करण्यापूर्वी आपल्या नावापुढे कोणता शब्द छापला आहे, तो वाचावा.

कर्ज फिटल्यावर बेबाकी दाखला मागून घ्यावा. बेबाक म्हणजे काही बाकी न उरलेला. हा दाखला तलाठी कार्यालयात देऊन सातबाऱ्यावरील ‘इतर हक्क’ या रकान्यातील बोजा कमी करून घ्यावा व नवीन उतारा काढून खात्री करावी. नाहीतर जमीन विकताना किंवा नवे कर्ज काढताना फिटलेले कर्जही आडवे येते.