नवोदय प्रवेश परीक्षेची पूर्वतयारी : घर, शाळा आणि ग्रामपंचायत

देशातील पहिली दोन नवोदय विद्यालये १९८५-८६ या शैक्षणिक वर्षात प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाली. त्यांपैकी एक हरियाणातील झज्जर येथे होते आणि दुसरे महाराष्ट्रातील अमरावती येथे. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने या प्रयोगाला निश्चित रूप दिले. ग्रामीण भागातील गुणवान मुलाला, त्याच्या पालकांची सांपत्तिक स्थिती कशीही असो, उत्तम दर्जाचे निवासी शिक्षण मिळावे, हा त्यामागील हेतू होता. आज तमिळनाडूचा अपवाद वगळता देशाच्या सर्व राज्यांत मिळून अशी साडेसहाशेहून अधिक विद्यालये चालू आहेत. तेथे निवास, भोजन, गणवेश आणि पाठ्यपुस्तके यांचा खर्च शासन करते. नववीपासून काही विद्यार्थ्यांकडून विद्यालय विकास निधी घेतला जातो. मात्र मुली, अनुसूचित जाती-जमातींचे विद्यार्थी, दिव्यांग विद्यार्थी आणि दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांतील मुले यांना त्यातून सूट आहे.

या विद्यालयात सहावीच्या वर्गासाठी जास्तीत जास्त ८० जागा असतात आणि त्यांसाठी जिल्ह्यातून हजारो अर्ज येतात. सहावीच्या प्रवेशासाठी ही परीक्षा मुलाला एकदाच देता येते. दुसऱ्या वर्षी पुन्हा बसता येत नाही. दहा-अकरा वर्षांच्या मुलासमोर अशी एकमेव संधी असताना तिची वार्ता काही गावांत अर्ज भरण्याची मुदत संपल्यावर पोहोचते, तर काही ठिकाणी मुलाला चौथीपासूनच तालुक्याच्या शिकवणी वर्गात अडकवून त्याचे बालपण हिरावून घेतले जाते. हे दोन्ही टाळता येण्यासारखे आहे. या परीक्षेचा अभ्यास पाचवीच्या अभ्यासाबाहेरचा नाही. त्यासाठी खर्चापेक्षा नियमितपणाची अधिक गरज आहे, आणि तो नियमितपणा घर, शाळा आणि पंचायत यांनी मिळून मुलाला द्यावयाचा आहे.

प्रथम पात्रता, मग अभ्यास

अनेक मुलांची संधी परीक्षागृहात नव्हे, तर त्याआधीच कागदोपत्री हुकते. म्हणून नियम नीट समजून घेतले पाहिजेत. ज्या जिल्ह्यातील विद्यालयात प्रवेश हवा, त्याच जिल्ह्यात मूल पाचवीचे संपूर्ण वर्ष मान्यताप्राप्त शाळेत शिकत असले पाहिजे. विद्यालयातील किमान ७५ टक्के जागा ग्रामीण विद्यार्थ्यांसाठी आहेत. किमान एकतृतीयांश जागा मुलींसाठी असून अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, इतर मागासवर्ग आणि दिव्यांग यांच्यासाठीही आरक्षण आहे.

ग्रामीण विद्यार्थी कोणास म्हणावे, याची व्याख्या काटेकोर आहे. तिसरी, चौथी व पाचवी या तिन्ही इयत्ता ज्याने ग्रामीण भागातील शाळेत पूर्ण केल्या तोच ग्रामीण. या काळात शहरी भागातील शाळेत एक दिवस जरी शिक्षण झाले, तरी तो विद्यार्थी शहरी गणला जातो. आपल्याकडे अनेक गावांतील जिल्हा परिषद शाळा चौथीपर्यंतच आहेत. चौथी संपली की पालक मुलाचे नाव तालुक्याच्या गावी मोठ्या शाळेत घालतात. ती शाळा नगरपालिकेच्या हद्दीत असेल, तर मूल रोज संध्याकाळी गावी परत येत असूनही ग्रामीण जागांवरचा हक्क गमावून बसते. चौथीच्या वर्गशिक्षकाने शाळा सोडल्याचा दाखला देण्यापूर्वी पालकाला ही एक गोष्ट समजावून सांगितली, तरी मोठे काम होईल.

दुसरा प्रश्न हंगामी स्थलांतराचा आहे. बीडसारख्या जिल्ह्यातील हजारो कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी बाहेर पडतात ती उन्हाळ्यापर्यंत परतत नाहीत. बरोबर गेलेल्या मुलाचे पाचवीचे वर्ष मोडते आणि परीक्षेची पात्रताही धोक्यात येते. अशा मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे. शाळा व्यवस्थापन समितीने टोळ्या निघण्यापूर्वीच पाचवीतील मुलांची यादी करून आजी-आजोबांकडे किंवा वसतिगृहात त्यांच्या राहण्याची सोय लावली पाहिजे. कोयत्याबरोबर फडात गेलेल्या मुलाला नंतर सरावाच्या कितीही प्रश्नपत्रिका पाठविल्या, तरी त्यांचा उपयोग होत नाही.

अर्ज संकेतस्थळावर भरावयाचा असून त्यास शुल्क नाही. मुख्याध्यापकांच्या सहीचे प्रमाणपत्र, मुलाचे छायाचित्र आणि मुलाची व पालकाची सही त्यास जोडावी लागते. मुलाचे नाव, जन्मतारीख व प्रवर्ग यांच्या नोंदी शाळेच्या नोंदवहीशी आणि आधारपत्राशी जुळतात की नाही, हे जूनमध्येच पाहून घ्यावे. दुरुस्तीला वेळ लागतो. शेवटच्या दिवशी ती होत नाही.

परीक्षेचे स्वरूप

परीक्षा एकच असून ती दोन तासांची असते. एकूण ८० प्रश्न व १०० गुण. मानसिक क्षमता चाचणीचे ४० प्रश्न ५० गुणांसाठी, अंकगणिताचे २० प्रश्न २५ गुणांसाठी आणि भाषेचे २० प्रश्न २५ गुणांसाठी असतात. प्रत्येक प्रश्नाला सव्वा गुण. प्रत्येक प्रश्नाखालील चार पर्यायांतून योग्य उत्तर निवडायचे असते. चुकीच्या उत्तरासाठी गुण वजा होत नाहीत. परीक्षा मराठी माध्यमातून देता येते. १२० मिनिटांत ८० प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला सरासरी दीड मिनिट मिळते. तयारीचे सारे नियोजन या दीड मिनिटाच्या हिशेबाने करावे.

मानसिक क्षमता : हातांनी शिकण्याचा विषय

निम्मे गुण असलेल्या या भागात शब्द नसतात, फक्त आकृत्या असतात. वेगळी आकृती ओळखणे, तंतोतंत सारखी आकृती शोधणे, अपुरी आकृती पूर्ण करणे, आकृत्यांची मालिका पुढे नेणे, आकृत्यांतील संबंध ओळखणे, त्रिकोण, चौकोन किंवा वर्तुळ पूर्ण करणे, आरशातील प्रतिमा, घडी घालून छिद्र पाडलेला कागद, तुकड्यांपासून होणारी आकृती आणि दडलेली आकृती, असे त्याचे दहा प्रकार असून प्रत्येकी चार प्रश्न असतात. ज्याच्या घरी पुस्तक नाही असे मूलही येथे मागे पडू नये, अशी ही रचना आहे.

मात्र मार्गदर्शिकेतील उत्तरे पाठ करून हा भाग येत नाही. जुन्या वर्तमानपत्राचा चौकोनी कागद मुलाच्या हाती द्यावा. त्याची एक घडी घालून मधोमध छिद्र पाडले, तर उलगडल्यावर छिद्रे किती? दोन. दोन घड्या घातल्या तर? चार. छिद्र घडीच्या कडेजवळ पाडले तर ती एकमेकांजवळ येतील की दूर जातील? मुलाने आधी उत्तर सांगावे आणि मग कागद उलगडून स्वतःच पडताळावे. अशा आठ-दहा कागदांनंतर चित्रातील कागद त्याला मनातल्या मनात उलगडता येऊ लागतो. आरशाच्या प्रश्नांसाठी घरातील छोटा आरसा पुरतो. उजव्या बाजूला उभ्या धरलेल्या आरशात डावे-उजवे बदलते, वर-खाली बदलत नाही, हे मुलाने पाहिलेले असावे. पुठ्ठ्याचा चौकोन कापून त्याचे तुकडे पुन्हा जुळविणे हा तर खेळच आहे. शाळेत आठवड्यातून दोन तासिका अशा कामासाठी दिल्यास परीक्षेला न बसणाऱ्या मुलांचेही भूमितीचे आकलन वाढते.

अंकगणित : रीत आणि अंदाज

संख्याज्ञान, चार मूलभूत क्रिया, अपूर्णांक व दशांश, मापने, नफा-तोटा, परिमिती व क्षेत्रफळ हे या भागातील मुख्य घटक होत. यांपैकी बहुतेकांची उदाहरणे घरातील व्यवहारातच सापडतात. ४० रुपये डझन दराने ५ डझन केळी घेतली, त्यांतील ६ खराब निघाली आणि उरलेली ५ रुपयांस एक याप्रमाणे विकली, तर नफा शेकडा किती? खरेदी २०० रुपये, विक्री ५४ केळ्यांची २७० रुपये, नफा ७० रुपये, म्हणजे ३५ टक्के. येथे पुष्कळ मुले ७० ला २७० ने भागतात. नफा नेहमी खरेदीवर मोजतात, हे सूत्र म्हणून घोकण्यापेक्षा ‘पदरचे किती पैसे घातले?’ हा प्रश्न मुलाला विचारावा. चूक आपोआप सुधारते.

वेळेच्या उदाहरणांत मुले नकळत १०० मिनिटांचा तास धरतात. रात्री ९ वाजून ४० मिनिटांनी सुटलेली एस.टी. पहाटे ५ वाजून १५ मिनिटांनी पोहोचली. पहाटे ५.४० ला पोहोचली असती, तर ८ तास झाले असते. ती २५ मिनिटे आधी आली, म्हणून ७ तास ३५ मिनिटे. वजाबाकीच्या मांडणीपेक्षा ही तोंडी रीत जलद आणि निर्धोक आहे. ३९८ गुणिले २१ करताना ४०० गुणिले २१ म्हणजे ८४०० काढून त्यांतून ४२ वजा केले की ८३५८ मिळतात. तीसपर्यंतचे पाढे आणि असा तोंडी हिशेब यांना दररोज पंधरा मिनिटे दिली, तर दीड मिनिट अपुरे पडत नाही.

भाषा : अवांतर वाचनाचे फळ

भाषेच्या चाचणीत चार उतारे असतात आणि प्रत्येकावर पाच प्रश्न. उतारे पाठ्यपुस्तकातील नसतात; म्हणून पाठांतराचा येथे उपयोग नाही. मुलाने रोज एक अपरिचित उतारा मनात वाचावा आणि त्यात काय सांगितले ते स्वतःच्या शब्दांत सांगावे. पाठ्यपुस्तक मंडळाचे १९७१ पासून निघणारे ‘किशोर’ मासिक, वर्तमानपत्रातील बातम्या, ग्रामसभेची सूचना, बियाण्याच्या पिशवीवरील मजकूर, काहीही चालेल. निरक्षर आईनेसुद्धा ‘आज काय वाचलेस ते मला सांग’ म्हणावे. ऐकणारे माणूस मिळाले की वाचलेले पक्के होते. परीक्षेत आधी प्रश्नांवर नजर टाकून मग उतारा वाचावा आणि उत्तर उताऱ्यातूनच द्यावे, स्वतःच्या माहितीतून नव्हे, हे मुलाला बजावून सांगावे.

चुकांची वही आणि उत्तरपत्रिका

सराव चाचणीनंतर गुणांपेक्षा चुकांकडे लक्ष द्यावे. प्रत्येक मुलाची एक चुकांची वही असावी आणि तीत प्रत्येक चुकीपुढे तिचे कारण लिहावे : प्रश्न समजला नाही, रीत माहीत नव्हती, की घाईत निसटले? पहिल्या कारणावर वाचन, दुसऱ्यावर पुन्हा शिकविणे आणि तिसऱ्यावर सवय हा उपाय आहे. तिन्ही चुकांवर एकच शिक्षा करणे हा उपाय नव्हे.

उत्तरपत्रिकेवर योग्य पर्यायाचे वर्तुळ निळ्या किंवा काळ्या बॉलपेनने रंगवावयाचे असते. एकदा रंगविलेले उत्तर बदलता येत नाही; खाडाखोड चालत नाही. एक प्रश्न सोडला आणि पुढचे उत्तर त्याच्या ओळीत रंगविले, तर पुढील सारी उत्तरे एका ओळीने सरकतात. पाटी-पेन्सिलीवर शिकलेल्या मुलाला या कागदाची आधीच ओळख हवी. शिक्षकांनी कोऱ्या उत्तरपत्रिकेच्या प्रती काढून शेवटच्या दोन महिन्यांत दर शनिवारी पूर्ण दोन तासांची चाचणी घ्यावी. अडलेला प्रश्न मागे ठेवून पुढे जाणे आणि गुण वजा होत नसल्याने अखेरीस एकही वर्तुळ कोरे न ठेवणे, या दोन सवयी त्यातूनच लागतात.

पंचायतीचा वाटा

शिक्षणहक्क कायद्याने (२००९) शिक्षकांना खाजगी शिकवणी घेण्यास मनाई केली आहे. म्हणून हे मार्गदर्शन शाळेतच, सर्वांसाठी आणि विनामूल्य झाले पाहिजे. ग्रामपंचायतीने त्यास जागा आणि उजेड द्यावा. समाजमंदिरातील एक खोली, दोन दिवे, एक फळा, मागील प्रश्नपत्रिकांचा संच आणि संध्याकाळी दीड तास लक्ष ठेवणारा गावातील एखादा पदवीधर एवढ्यावर अभ्यासिका चालते. परीक्षेच्या दिवशी केंद्रापर्यंत जाण्यासाठी वाहनाची सोय करणे हेही पंचायतीचेच काम समजावे. मुलींच्या बाबतीत सरपंच आणि महिला सदस्यांनी पालकांशी आधीच बोलावे. निवड झाल्यावर ‘मुलीला इतक्या लांब कशी ठेवायची’ म्हणून प्रवेश नाकारला गेला, तर वर्षभराचे श्रम वाया जातात. मुलगा असो वा मुलगी, आपले कपडे धुणे, अंथरूण आवरणे आणि घरापासून काही दिवस दूर राहणे यांची सवय हीसुद्धा पूर्वतयारीच होय.

निवड झाली नाही तर

निवड न होणाऱ्यांची संख्या नेहमीच कितीतरी पटींनी मोठी असणार. म्हणून या तयारीचे खरे मोजमाप ८० जणांच्या यादीत नाही, तर यादीबाहेर राहिलेल्या मुलांना काय मिळाले यात आहे. नवोदय विद्यालयात रिक्त जागा असल्यास नववीला आणि अकरावीलाही प्रवेश मिळू शकतो. शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतील आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी आर्थिक दुर्बल घटकांची राष्ट्रीय शिष्यवृत्ती परीक्षा आहे. २००८ पासूनच्या या योजनेत नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात आणि तिच्यातही बौद्धिक क्षमतेचा स्वतंत्र पेपर असतो. पाचवीत कागदाच्या घड्या उलगडलेले आणि चुकांची वही ठेवलेले मूल तेथे कोऱ्या पाटीने जात नाही.

मात्र ही पुढची वाट मुलाला दिसण्यासाठी निकालाच्या दिवशी घरात आणि शाळेत काय बोलले जाते, याला फार महत्त्व आहे. निवडलेल्या एकाचा सत्कार गावाने जरूर करावा. पण त्याच समारंभात वर्षभर अभ्यासिकेत बसलेल्या प्रत्येक मुलाचे नाव घ्यावे. दहाव्या वर्षी ‘नापास’ म्हणवून घेतलेले मूल पुढच्या परीक्षेचा अर्जही भरायला धजत नाही. त्याच्या मनात अभ्यासाची गोडी आणि आत्मविश्वास टिकला, तर नवोदयची तयारी त्या गावात खऱ्या अर्थाने फळास आली असे म्हणता येईल.